तुम्ही कुणापैकी? टेनेसीतली एक टेकडी आणि माझी बिननावाची पणजी

क्लिंचकाठचा

वडील गेल्यानंतरचा पहिला महालय गेल्या भाद्रपदात केला. गुरुजी पुण्यात, मी पूर्व टेनेसीत, मोबाइल पातेल्याला टेकवून ठेवलेला. वडील, आजोबा, पणजोबा, धडाधड नावं सांगितली. मग आई, आजी, आणि पणजीला अडलो. काकांना फोन लावला, काकांनी आत्याला लावला. 'आम्ही तिला मोठीआई म्हणायचो' एवढंच हाती आलं. गुरुजी म्हणाले, नाव नसलं तरी अडत नाही, गोत्र म्हणा आणि पाणी सोडा. सोडलं. पण दिवसभर कसंतरीच वाटत राहिलं. जिच्या पोटी माझे आजोबा जन्मले, तिला मी 'मोठीआई'च्या पलीकडे ओळखत नाही.

ही गोष्ट कदाचित विसरलोही असतो. पण यंदा मे महिन्यात शेजारच्या आजी (वय ८४, एकट्या राहतात, त्यांचं गवत मी कापतो आणि त्या मला टोमॅटो देतात) म्हणाल्या, रविवारी डेकोरेशन आहे, गाडी चालवशील का? मला वाटलं चर्चमध्ये सजावट वगैरे असेल. तर डेकोरेशन म्हणजे घराण्याच्या दफनभूमीत वर्षातून एकदा जमायचं, कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची, आणि मग तिथेच लांब टेबलं मांडून जेवायचं. इकडच्या डोंगराळ भागात मे-जूनचे रविवार वाटून घेतलेले असतात. एक टेकडी एका रविवारी, दुसरी पुढच्या. म्हणजे आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही घराण्यांना हजेरी लावता येते.

पोचल्या पोचल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं ते मराठीत करायचं तर, 'तू कुणापैकी?' असंच होईल. सातारा-सांगलीकडे विचारतात ना, अगदी तसंच. मी म्हटलं, मी शेजारी. त्यानं हातात खराटा दिला.

जुन्या कबरींवर गवत ठेवतच नव्हते म्हणे पूर्वी. खरवडून माती उघडी करायची आणि वर उंचवटा करायचा. त्यातल्या दोन-तीन आजही तशाच ठेवल्यात, सारवलेल्या अंगणासारख्या. पूर्वी ताजी फुलं मिळाली नाहीत तर क्रेप कागदाची करून मेणात बुडवायचे, पावसात टिकावी म्हणून.

निम्म्या कबरींवर अक्षरच नाही. ओढ्यातला नाहीतर शेतातला एक उभा दगड, बस्स. पण आजी काठी टेकत एकेका दगडापाशी थांबत गेल्या. हा १९१८ च्या फ्लूमध्ये गेला. ही त्याच्या भावाची पहिली बायको, बाळंतपणात गेली, मग तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न लावलं, ती ही पलीकडे. हे बाळ, नाव ठेवायच्या आधीच गेलं. मी विचारलं, अक्षर नसताना तुम्हाला कसं कळतं? म्हणाल्या, माझी आजी दर वर्षी मला याच क्रमानं फिरवायची. क्रम चुकला की परत पहिल्यापासून.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) ही टेकडी मूळची नव्हेच. मूळची नॉरिस धरणाच्या पाण्याखाली आहे. १९३३ ते ३६ मध्ये क्लिंच नदीवर ते धरण झालं तेव्हा पाच हजारांवर कबरी उकरून दुसरीकडे हलवल्या. आजींच्या आजीनं नव्या जागी दगड जुन्याच क्रमानं लावून घेतले. नाहीतर सगळं तिथेच संपलं असतं. पुढे १९४२ मध्ये ओक रिजला अणुबॉम्बच्या कामासाठी सरकारनं आणखी गावं उठवली. धरणानं उठलेली काही घरं तिथे जाऊन वसली होती, ती दुसऱ्यांदा उठली.

तर प्रश्न असा: तुमच्या घरातल्या किती पिढ्यांच्या बायकांची नावं तुम्हाला माहीत आहेत? आणि नसतील तर शोधायची कुठे?

पोहेवाली

वाचून आधी स्वतःला विचारलं. आईची आई येते, तिच्या आईचं माहेरचं नाव येतं, सासरचं नाही. वडिलांकडच्या पणजीचं दोन्ही नाही. लाज वाटली.

कोयनेकाठचा

आमचं गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात गेलं. मी पुनर्वसनात जन्मलो, त्यामुळं गाव बघितलेलं नाही, ऐकलेलंय. तुमच्या त्या आजी क्रमानं दगड दाखवतात तशी आमची आजी क्रमानं घरं सांगायची. वरच्या आळीपासनं सुरू. अमक्याचं घर, त्याच्या पाठीमागं फणस, मग तमक्याचा गोठा. आम्ही कंटाळायचो. आता वाटतं लिहून घ्यायला पाहिजे होतं.

आपण जाळतो त्यामुळं हलवायला कबरी नव्हत्या. देव हलवले. पण हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगत फिरणारा, मात्र नव्या जागेवर बरोबर शोधत आला. नंदी घेऊन. दारात उभा राहून खापरपणजोबापासनं वाचायचा, नवीन पोरं झाली असतील ती लिहून घ्यायचा, मग धान्य. मी लहान असताना त्याला विचारलं होतं, माझ्या बहिणीचं नाव लिहिलं का? म्हणाला, लेकी लिहीत नाय. बहीण रडत घरात गेली ते आठवतंय.

डेल्टावाला

मी मिसिसिपी डेल्टात आहे, छोट्या गावातल्या दवाखान्यात. क्लिंचकाठच्यांनी गोऱ्या डोंगरी घराण्यांचं लिहिलंय. इथे माझे बहुतेक पेशंट काळे आहेत, आणि त्यांच्याकडे हीच गोष्ट फार वेगळी होते. जरा लांबण लावतो.

आमच्याकडच्या एक नर्सबाई दहा वर्षं घराण्याचा शोध घेताहेत. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि घरोघरची नावानिशी नोंद ७२ वर्षांनी सगळ्यांना खुली करतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. त्यामुळे मागे मागे जाणं सोपं वाटतं. १९४०, १९३०, असं करत १९०० पर्यंत त्या आरामात गेल्या. १८९० ची कागदपत्रं १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत जळली-भिजली, उरलेली जवळजवळ सगळी पुढे सरकारनंच नष्ट केली, तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. मग १८८०, मग १८७०. आणि तिथे खटकन थांबायचं. याला इथे सगळे '१८७० ची भिंत'च म्हणतात. गुलामगिरी संपली १८६५ ला, त्यामुळे दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० ला. त्याआधी १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी यादी व्हायची. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली ओळीनं: पुरुष, वय २५, काळा. स्त्री, वय १९, काळी. नाव जवळपास कुठेच नाही.

भिंतीला भोकं आहेत थोडी. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये एक सरकारी खातं उघडलं होतं, फ्रीडमेन्स ब्युरो. त्याचे मजुरीचे करार, रेशनच्या याद्या, लग्नांच्या नोंदी आहेत. त्याच वर्षी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. खातं उघडताना आईबापांची, भावंडांची, नवराबायकोची नावं विचारत. १८७४ ला बँक बुडाली, गरिबांचे पैसे गेले, वह्या तेवढ्या राहिल्या. आज त्या वह्यांतून लोक आपल्या खापरपणजीला शोधतात. आणि तिसरी जागा म्हणजे मालक मेल्यावर कोर्टात झालेली मालमत्तेची मोजदाद. खेचरं, नांगर, पलंग, आणि त्याच कागदावर माणसं. नुसतं पहिलं नाव, पुढे डॉलर.

बाईंना तो कागद सापडला. १८७० मधली वयं आणि त्या यादीतली नावं जुळली. जुलैत त्यांच्या घराण्याचं संमेलन असतं, तिथे त्या तो घेऊन गेल्या. शिकागोहून दोन बस भरून माणसं आली होती. डेल्टातली निम्मी घरं एकेकाळी रेल्वेत बसून शिकागोला गेलीत. सगळ्यांचे एका रंगाचे टीशर्ट, पाठीवर घराण्याचं नाव. बाई वाचायला उभ्या राहिल्या, तेव्हा ९२ वर्षांच्या आत्या म्हणाल्या, "नाव वाच. आकडा वाचू नकोस."

मला बोलावलं होतं म्हणून हे बघता आलं.

मालवणी_मसाला

डेल्टावाले, ते शिकागोचे म्हणजे आमचे चाकरमानी हो. गणपतीला मुंबईहून एसट्या भरून येतात, चार दिवस भजनं, आणि परत. फक्त आमच्याकडे टीशर्ट नाहीत. (यंदा सुचवते.)

दुसरा_बाजीराव

एक वेगळा विचार मांडतो, राग मानू नये. एवढं उकरून नेमकं काय मिळतं? पणजीचं नाव सखू होतं की बकू होतं, त्यानं आज काय फरक पडतो? आपल्याकडे वंशावळ काढणारा प्रत्येक जण शेवटी कुठल्यातरी सरदाराशी नातं जोडून मोकळा होतो. माझ्या एका मित्राच्या वंशावळीत पानिपताच्या आधीची पानं कोरी आणि पानिपतात मात्र त्यांचे तीन पूर्वज.

जुनं_दप्तर

बाजीराव, पानिपतावर गेलेल्यांची संख्या आजच्या वंशावळींवरून मोजली तर भाऊ जिंकायला हवे होते. तेवढं मान्य.

पण धागाकर्त्यानं सरदार कुठे मागितलाय? त्याला एक नाव हवंय. उपयोगाचं सांगतो.

१) गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूची नोंद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं, असेल तर. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींसाठी लोकांनी हीच दप्तरं उघडली, त्यामुळे आता कारकून निदान 'ते काय असतं?' असं विचारत नाहीत. जुनं असेल तर मोडीत. मोडी वाचणारा गाठा.

२) जुने फेरफार. पणजोबा वारल्यावर वारसनोंद झाली असेल तर विधवेचं नाव येण्याची शक्यता. पणजी आधी गेली असेल तर मात्र तिथे नाही.

३) त्र्यंबकेश्वर, नाशिकचे तीर्थोपाध्ये. गाव आणि आडनाव सांगा, ते नामावळी काढतात. तुमचे पूर्वज तिथे गेले असतील तर त्यांच्या हातचं लिहिलेलं सापडेल. तिथे कधी कधी आई-बायकोचं नाव असतं, कारण श्राद्धाला लागतंच की. बघा ना, वंशावळीत बाई नाही, पण पिंडाला हवी.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी: युटातल्या मॉर्मन पंथाच्या वंशावळ संस्थेनं १९७० च्या दशकापासून हरिद्वारकडच्या पंड्यांच्या वह्यांचेही मायक्रोफिल्म केलेत. डेल्टावाल्यांनी म्हटलेल्या ब्युरोच्या कागदांची नावानिशी सूची करायला हजारो स्वयंसेवक बसवले तेही त्यांनीच.

पायरीखालचा

दप्तर, यादी चांगली आहे. आमच्या उपयोगाची नाही.

आमच्या दारात हेळवी आला नाही, भाट आला नाही. त्र्यंबकच्या वहीत आमचा आजा असायचा प्रश्नच नव्हता. माझ्या आज्याच्या आज्याचं नाव मला मिळालं ते महार वतनाच्या कागदात. कुणाच्या वाट्याला किती, म्हणून लिहिलेलं. म्हणजे राबवून घ्यायला नाव लागलं म्हणून नाव. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, कागद राहिला. त्या बँकेच्या वह्यांचं वाचलं आणि थांबलो जरा.

नावापुढे 'नाक' होतं, पूर्वी महारांच्या नावांना लावायचे ते. कोरेगाव भीमाच्या खांबावर आहेत तशी. घरात आमच्या आजीला ते आवडायचं नाही, ती म्हणायची ते पुसलेलंच बरं. मला उलट वाटलं, मी ते वहीत तसंच्या तसं उतरवलं.

म्हणून त्या ९२ वर्षांच्या आत्यांशी माझं पटत नाही. त्यांच्याशी म्हणजे, मी कोण त्यांना सांगणार. पण मी असतो तर आकडाही वाचला असता. नाव गोड वाटतं. आकडा वाचल्याशिवाय ते नाव त्या कागदावर का आलं, ते पोरांना कळत नाही.

डेल्टावाला

पायरीखालचे, हे मी नर्सबाईंना सांगितलं (अर्थात तुमची परवानगी न घेता, माफ करा). त्या म्हणाल्या, मीही तेच म्हणते. संध्याकाळी जेवणं झाल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना बाजूला घेऊन त्यांनी आकड्यासकट वाचला होता. आत्या तोवर झोपल्या होत्या.

पायरीखालचा

😊 परवानगी दिली.

सवानाची_सून

मी जॉर्जियाच्या किनाऱ्यावर राहते. इथली एक गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. ही प्रसिद्ध आहे, मी काही शोधलेली नाही.

सवानाच्या दक्षिणेला हॅरिस नेक म्हणून जागा आहे. इथले काळे लोक गल्ला-गीची. गुलामगिरीच्या काळात बेटांवर आणि भाताच्या खाजणात राहिल्यामुळे त्यांची बोली, टोपल्या विणायची पद्धत, बरंच काही आफ्रिकेतलं टिकलं. १९३० च्या दशकात लॉरेन्झो डाऊ टर्नर नावाचे काळे भाषाशास्त्रज्ञ इथे रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आले. अमेलिया डॉली नावाच्या बाईंनी त्यांना एक गाणं म्हणून दाखवलं. आईनं शिकवलेलं. अर्थ त्यांनाही माहीत नव्हता. ती भाषा निघाली मेंडे, सिएरा लिओनमधली.

पुढे पन्नासेक वर्षांनी संशोधक ते रेकॉर्डिंग घेऊन सिएरा लिओनमध्ये गावोगाव फिरले. एका खेड्यात बेंडू जबाटी नावाच्या बाईंनी ऐकलं आणि त्याही तेच गाणं म्हणू लागल्या. त्यांना आजीनं शिकवलेलं. तिकडे ते कबरीवर म्हणायचं, मेलेल्याला निरोप द्यायचं गाणं. इकडे अर्थ हरवला आणि लेकीबाळी ते खेळातलं गाणं म्हणून गात राहिल्या. १९९७ मध्ये अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरान त्या खेड्यात जाऊन आली.

दोनशे वर्षं एकही कागद नाही. आईकडून लेकीकडे, बस्स.

आणि हॅरिस नेक? १९४२ मध्ये विमानतळासाठी सरकारनं ती जमीन घेतली, घरं पाडली. आता तिथे पक्षी अभयारण्य आहे. मी हिवाळ्यात बगळे बघायला जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. छान फोटो काढून आले होते.

पोहेवाली

सवाना, अंगावर काटा आला.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत ना. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर गोळा केल्या. त्यांत भाऊ, आई, लेक, पंढरी सगळं येतं. माझ्या आजीच्या ओव्यांत तिच्या आईचं नाव होतं का, असा विचार करते आहे. भावांची नावं नक्की होती. आईला नुसतं 'माउली'.

कोयनेकाठचा

आईला नावानं कोण हाक मारणार ताई. नवरा पण मारत नव्हता. नाव राहणार कुठं मग.

दुसरा_बाजीराव

बरं, मी मागे घेतो. अर्धं. काल आईला फोन करून विचारलं. तिच्या आजीचं नाव तिला माहीत होतं, आणि ते सांगताना ती पाऊण तास बोलत होती. मला मीटिंग होती. मीटिंग बुडाली.

मालवणी_मसाला

अर्धं का होईना. 😄

क्लिंचकाठचे, तुमचं काय झालं? तहसीलला कोणी गेलं का?

क्लिंचकाठचा

उशिरा येतोय, सगळं वाचलं. पायरीखालचे आणि डेल्टावाले, तुमचं संभाषण शेजारच्या आजींना जमेल तसं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आमच्या टेकडीवर कुंपणाच्या बाहेरही चार दगड होते, धरणाआधी. ते हलवले की नाही, आजीनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी पुढे काही बोललो नाही. पुढच्या मेमध्ये विचारीन म्हणतो तिथल्या म्हाताऱ्यांना.

तहसीलला भाचा गेला होता. कोतवाल बुकाची आमच्या गावची ती वर्षं नाहीत. वाळवी, म्हणाले. फेरफारात पणजी नाही, म्हणजे ती पणजोबांच्या आधी गेली. दप्तर यांचा अंदाज बरोबर.

शेवटी आत्यानं शोधलं, आणि तेही कागदात नाही. हा धागा तिला मी फोनवर वाचून दाखवत होतो. ओव्यांपाशी आलो तर मध्येच म्हणाली, थांब, माळ्यावर भांडी आहेत. चुलतभावानं सगळं उतरवलं. गुंड, परात, दोन घागरी, एक तांब्या. पूर्वी लग्नात भांडी द्यायची तर दुकानदार त्यावर छिन्नीनं ठोकून नाव घालून द्यायचा, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. परातीवर आजोबांचं, घागरींवर काहीच नाही. तांब्याच्या काठाखाली, आडवं, अर्धं झिजलेलं: चि. सौ. कां., मग एक नाव, मग 'हीस मामाकडून'. आडनाव आमचंच. साल नाही.

आजोबांची आईच कशावरून, दुसरी कुणी सूनही असू शकते, असं चुलतभाऊ म्हणाला. आत्या म्हणाली, हा मोठीआईचाच तांब्या, तिच्याशिवाय कुणाला त्यानं पाणी प्यायची मुभा नव्हती. मी आत्याचं धरलंय.

नाव इथे टाकत नाही. भाद्रपदात घेईन.

पोहेवाली

मला रडू येतंय.

जुनं_दप्तर

अभिनंदन. एक तातडीचं: चुलतभावाला सांगा, तांब्या चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासू नका, अक्षरं आणखी झिजतील. बाजूनं बॅटरीचा उजेड पाडा, ठिपके सावलीत स्पष्ट दिसतात, आणि तसाच फोटो काढा.

क्लिंचकाठचा

आत्यानं सकाळीच घासला. चिंचेनं. पण फोटो आधीचा आहे.